माणसं गमावून आलेल्या राजाला वीर म्हणायचं का?

‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या शेवटच्या, चोविसाव्या सर्गात इथाका बेटावर गावसभा भरते. युपीथीस नावाचा एक बाप बोलायला उभा राहतो. आदल्या दिवशी त्याचा मुलगा मारला गेलाय आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी खळत नाही. तो फार लांबण लावत नाही. या माणसानं गावची चांगली चांगली माणसं जहाजांत घालून नेली, जहाजंही घालवली आणि माणसंही घालवली, आता परत येऊन इथं उरलेले भले लोकही मारले, एवढंच तो म्हणतो. सभेतल्या लोकांना त्याची कीव येते. ‘हा माणूस’ म्हणजे त्यांचा राजा, ओडिसियस. बारा हजारांहून अधिक ओळींचं हे महाकाव्य ज्याच्या नावानं ओळखलं जातं, तोच.

ओडिसियस वीर आहे का, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातोय आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर एका दमात देऊन टाकलं जातं. कुणी म्हणतं, ट्रॉय शहर जिंकून देणारा लाकडी घोडा त्याच्या डोक्यातून निघाला, वीरच तो. कुणी म्हणतं, लबाड आणि आत्मकेंद्री माणूस, कसला वीर? मला वाटतं, गोंधळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधल्यामुळे. तो ग्रीकांच्या लेखी वीर होता का, हा एक प्रश्न. ज्यांना घेऊन गेला त्यांचा तो चांगला पुढारी होता का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं तसं नाही.

आधी शब्द बघू. आपला ‘नायक’ हा शब्द ‘नी’ या संस्कृत धातूवरून आला. नी म्हणजे नेणे. जो नेतो तो नायक. त्यामुळे नायक म्हटलं की नेलेली माणसं परत आणली का, हा सवाल आपल्याला आपसूक सुचतो. ग्रीक ‘हेरोस’ या शब्दात नेण्याचा अर्थच नाही. ‘ओडिसी’चा कवी होमर तो शब्द लढवय्यांना सरसकट लावतो. डेमोडोकस या आंधळ्या गायकालाही तो ‘हेरोस’ म्हणतो आणि मेजवानीत मद्य कालवून वाढणाऱ्या एका चाकरालाही. तिथं तो मानाचा साधा शब्द आहे, सद्‌गुणांचं प्रशस्तिपत्र नव्हे.

पुढच्या काळात या शब्दाला आणखी एक अर्थ आला. ‘हेरोस’ म्हणजे मेलेला, पण ज्याची ताकद मागं राहिली आहे असा माणूस. त्याच्या थडग्यापाशी बळी द्यायचा, त्याला प्रसन्न ठेवायचं, नाहीतर तो कोपतो. असा मान मिळायला चांगलं वागावं लागत असे असंही नाही. दुसऱ्या शतकातला प्रवासी लेखक पॉसेनियस एक भयंकर गोष्ट नोंदवून ठेवतो. इ.स.पू. 492 च्या ऑलिंपिकमध्ये अ‍ॅस्टिपलाया बेटावरच्या क्लिओमिडीस नावाच्या मुष्टियोद्ध्याच्या हातून प्रतिस्पर्धी मेला. पंचांनी त्याचं विजेतेपद काढून घेतलं. दुःखानं वेडा झालेला क्लिओमिडीस गावी परतला आणि शाळेत शिरून त्यानं छताला पेलणारा खांब उपटला. आत साठेक मुलं होती, त्यांच्यावर छप्पर कोसळलं. गावकरी दगड घेऊन मागं लागले, तेव्हा तो अथीनाच्या देवळातल्या एका पेटीत शिरला आणि त्यानं आतून झाकण धरून ठेवलं. लोकांनी पेटी फोडली तर आत कुणीच नाही. डेल्फीच्या देवळात कौल लावला. कौल आला, की हा शेवटचा हेरोस, याला बळी देऊन मान द्या.

ही गोष्ट वाचली की पहिला प्रश्न जवळजवळ सुटतो. ग्रीकांच्या ‘वीर’ या कल्पनेत चांगुलपणाची अट नव्हतीच. आपल्याला हे अगदी परकं वाटायचं कारण नाही. महाराष्ट्रात कितीतरी देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत झुंज, पुष्कळदा शेजारी गुरं कोरलेली, मधे अप्सरा मेलेल्याला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तो घरी कसा वागायचा, गावाशी त्याचं कसं होतं, हे तो दगड सांगत नाही. झुंजीत मेला, एवढं पुरतं. कितीतरी घरांत देव्हाऱ्यातल्या टाकांमध्ये वीराचा टाक असतो, त्याच्यापुढं हात जोडताना त्याच्या चारित्र्याची चौकशी कुणी करत नाही.

ओडिसियसलाही असा मान मिळाला होता. इथाकावरच्या पोलिस नावाच्या खाडीकाठच्या गुहेत 1930 च्या दशकात सिल्विया बेंटन यांनी उत्खनन केलं. तिथं काशाच्या तिवया मिळाल्या आणि मातीच्या मुखवट्याचा एक तुकडाही मिळाला. त्याच्यावर ओडिसियसला उद्देशून नवसाचे शब्द कोरलेले आहेत. तेव्हा ग्रीक अर्थानं तो वीर होता की नव्हता, हा वाद माझ्या दृष्टीनं तिथंच मिटतो.

युपीथीसचा सवाल मात्र तसाच उभा आहे.

आधी हिशोब. ट्रॉयच्या लढाईवरच्या ‘इलियड’ या होमरच्या दुसऱ्या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात कोण किती जहाजं घेऊन ट्रॉयला गेलं याची यादी आहे. ओडिसियसची बारा, तांबड्या रंगाच्या नाळेची. जहाजावर माणसं किती हे थेट सांगितलेलं नाही, पण ‘ओडिसी’त पुढं एका जहाजावरच्या लोकांच्या दोन तुकड्या पाडतात तेव्हा आकडा येतो. त्याआधी त्या जहाजाचे जे मेले ते मिळवले तर एका जहाजावर साठाच्या आत-बाहेर माणसं धरता येतात. म्हणजे बारा जहाजांवर सहा-सातशे. दहा वर्षांच्या लढाईत काही पडलेच असतील. तरी परतीला बाराही जहाजं निघाली होती आणि इथाकाला पोचला एकटा ओडिसियस, तोही परक्यांच्या जहाजातून, झोपेत.

होमरच्या काव्यात राजासाठी एक ठरीव विशेषण येतं, ‘पोइमेन लाओन’, म्हणजे लोकांचा मेंढपाळ. ओडिसियसलाही ते लावलंय. हे विशेषण डोक्यात ठेवून नवव्या सर्गातली राक्षसाची गुहा पुन्हा वाचली आणि मी थबकले. कारण तिथं एक खराखुरा मेंढपाळ आहे. एकडोळ्या पॉलिफेमस माणसं खातो, पण त्याची गुहा बघण्यासारखी आहे. चाळणांवर चीज निथळत ठेवलंय. कोकरांचे कोंडवाडे वेगवेगळे, आधीची एकीकडं, मधली एकीकडं, नुकती जन्मलेली तिसरीकडं. संध्याकाळी तो बसतो, एकेक मेंढी रीतसर पिळतो आणि प्रत्येक कोकरू त्याच्या आईखाली लावतो. लोकांचा मेंढपाळ त्याच गुहेत आपली बारा निवडक माणसं घेऊन शिरतो आणि त्यांतली सहा तिथंच घालवून येतो.

माणसांनी त्याला विनवलं होतं. चीज उचलू, कोकरं हाकू, जहाजावर चढू आणि निघू. त्यानं ऐकलं नाही. गुहेचा मालक बघायचा होता, पाहुणा म्हणून तो काय भेट देतो ते बघायचं होतं. ‘ऐकलं असतं तर फार बरं झालं असतं,’ हे तो स्वतःच कबूल करतो. पॉलिफेमस आला, दोघांना उचलून कुत्र्याच्या पिल्लांसारखं जमिनीवर आपटलं आणि खाल्लं. सकाळी आणखी दोन. संध्याकाळी आणखी दोन.

इथून पुढं ओडिसियसचं डोकं असं चालतं की बघत राहावं. रात्री तो तलवारीवर हात ठेवतो आणि थांबतो. राक्षस मेला तर गुहेच्या तोंडावरचा धोंडा हलवणार कोण? बावीस गाड्यांनी हलणार नाही असा तो धोंडा. म्हणून मारायचं नाही, आंधळं करायचं. दारू पाजायची, नाव ‘कुणी नाही’ सांगायचं, म्हणजे तो ओरडला तरी शेजारी विचारतील कोण मारतंय आणि हा म्हणेल, ‘कुणी नाही’. मग मेंढ्यांच्या पोटाला चिकटून बाहेर. ज्यांचा जीव वाचला, तो याच्याच अकलेनं वाचला.

पण जहाज पाण्यात लोटल्यावर हाच माणूस मागं वळून राक्षसाला डिवचतो. आंधळ्यानं फेकलेल्या कड्यानं उसळलेली लाट जहाजाला पुन्हा किनाऱ्याकडं ढकलते. वल्ही मारणारे हातापाया पडतात, की नका चिडवू त्याला. तरी तो पुन्हा ओरडतो आणि या खेपेला स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव सगळं सांगतो. इतका वेळ ‘कुणी नाही’ या नावानं सगळ्यांना तारलं होतं. आता शापाला नाव मिळालं. पॉलिफेमस आपल्या बापाला, समुद्रदेव पोसायडनला सांगतो, की हा घरी न पोचो, आणि पोचलाच तर उशिरानं, हाल सोसून, सगळे सोबती गमावून, दुसऱ्याच्या जहाजातून पोचो, आणि घरी गेल्यावरही त्याच्या पुढ्यात संकटं असोत. यातला शब्द न् शब्द खरा झाला.

मला मात्र सगळ्यात खुपतो तो यानंतरचा प्रसंग, जिथं एकही राक्षस नाही. वाऱ्यांचा रखवालदार एओलस सगळे उलटे वारे एका कातडी पोत्यात बांधून देतो. नऊ दिवस, नऊ रात्री जहाजं सुरळीत चालतात. दहाव्या दिवशी इथाका दिसतं. इतकं जवळ, की किनाऱ्यावर शेकोट्या राखणारी माणसं दिसतात. या नऊ दिवसांत ओडिसियसनं शिडाची दोरी एका क्षणासाठीही दुसऱ्याच्या हातात दिलेली नाही. आणि आता, गाव दिसल्यावर, त्याचा डोळा लागतो. माणसं आपसांत बोलतात. याला जाईल तिथं भेटी मिळतात, आपण मात्र रिकाम्या हातानं घरी चाललोय. बघू तरी पोत्यात सोनं-चांदी किती आहे. पोतं सुटतं, वारे सुटतात, इथाका डोळ्यांआड जातं.

दोष कुणाचा? पोतं उघडणाऱ्यांचा, हे उघडच आहे. पण पोत्यात काय आहे हे त्यांना सांगितलं का नव्हतं? दोरी आळीपाळीनं धरायला द्यायला काय हरकत होती? नऊ दिवस एका माणसानं सगळं स्वतःच्या मुठीत ठेवलं आणि सोबत्यांच्या मनात संशय घर करून बसला. ज्यानं कधी घरात, कचेरीत किंवा मंडळात अशा ‘सगळं मीच बघतो’ म्हणणाऱ्या कर्त्या माणसाच्या हाताखाली काम केलंय, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. ओडिसियस स्वतः इथं ‘आमच्याच मूर्खपणानं आम्ही बुडालो’ असं म्हणतो. ‘त्यांच्या’ नाही, ‘आमच्या’. ती एक ओळ मी त्याच्या बाजूनं जमा धरते.

लगेच पुढं लेस्ट्रिगोनियन नावाच्या नरभक्षकांचं बंदर येतं. अकरा जहाजं आत, शांत पाण्यात नांगरतात. ओडिसियस आपलं जहाज बाहेरच खडकाला बांधतो. का, ते तो सांगत नाही, आणि बाकीच्यांना सावध केल्याचंही कुठं येत नाही. वरून धोंडे पडतात, जहाजं फुटतात, माणसं माशांसारखी भाल्यांवर टोचून नेली जातात. हा तलवारीनं दोर कापतो आणि निसटतो. पॉलिफेमसच्या गुहेला कवीनं साडेचारशेवर ओळी दिल्यात. अकरा जहाजांचा अंत पन्नासेक ओळींत आटोपतो, आणि तिथं मेलेल्या एकाही माणसाचं नाव आपल्याला कळत नाही.

आता काव्याच्या सुरुवातीकडं जाऊ. पहिल्या दहा ओळींत कवी सांगतो, की ओडिसियसनं सोबत्यांना वाचवायची धडपड केली, पण ते स्वतःच्याच ‘अतस्थलिये’नं मेले, त्यांनी सूर्यदेवाची गुरं खाल्ली. ‘अतस्थलिया’ म्हणजे नुसती चूक नव्हे. कळत असून केलेला माजोरीपणा. सूर्याच्या गुरांचा प्रसंग खरा आहे आणि तिथं ओडिसियसकडं बोट दाखवणं कठीण आहे. त्यानं बेटावर उतरूच नका म्हटलं होतं, उतरल्यावर सगळ्यांकडून शपथ घेतली होती. महिनाभर वारा अडला, शिधा संपला, तो प्रार्थनेला गेला आणि झोपला, तेवढ्यात यांनी गुरं मारली. पण तेव्हा उरलं होतं ते एकच जहाज! बाकीची अकरा जहाजं कुठल्या गुरांपायी बुडाली? सुरुवातीच्या ओळी हे सांगत नाहीत.

आणि मग दहाव्या सर्गात तोच शब्द पुन्हा येतो, उलट्या दिशेनं. युरिलोकस हा ओडिसियसचा नातेवाईक आणि दुय्यम अधिकारी. जादूगारीण किर्केच्या घरी पुन्हा जायला तो नकार देतो आणि सोबत्यांना गुहेची आठवण करून देतो, की तिथं आपली माणसं मेली ती या माणसाच्या ‘अतस्थलिये’मुळं. कवीनं सोबत्यांवर ठेवलेला ठपका सोबत्यानं राजावर ठेवला, त्याच शब्दात. ओडिसियसचं उत्तर काय? तलवार उपसून नातेवाइकाचं मुंडकं उडवावं, असं त्याच्या मनात येतं. बाकीचे त्याला आवरतात. आरोपाला तो शब्दानं उत्तर देत नाही.

इथं एक गोष्ट विसरून चालणार नाही. नऊ ते बारा हे सर्ग होमर सांगत नाही, ओडिसियस स्वतः सांगतोय. फीएशियन लोकांच्या राजवाड्यात बसून, ज्यांच्याकडून त्याला घरी जायला जहाज हवंय त्यांना. आरोपीच साक्षीदार आहे, तोही असा, की पुढं खुद्द अथीना देवी त्याच्या थापा ऐकून हसते. तरीही युरिलोकसचं बोलणं त्यानं गाळलेलं नाही. गुहेतला हट्ट त्यानं लपवलेला नाही. स्किला या सहा डोक्यांच्या राक्षसिणीकडं सहा माणसं जाणार हे त्याला आधी ठाऊक होतं आणि त्यानं ते वल्ह्यांवरच्यांना सांगितलं नाही, हेही तो सांगतो. सांगितलं असतं तर वल्ही टाकून ती जहाजाच्या पोटात लपली असती आणि सगळेच गेले असते. तो निर्णय मी योग्य मानते. पण वर उचलली जाताना ती सहा माणसं हातपाय झाडत त्याचं नाव घेऊन हाक मारतात. अख्ख्या प्रवासात याहून करुण काही पाहिलं नाही, असं तो म्हणतो. ती हाक मदतीसाठी होती की जाब विचारणारी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्याच्या बाजूनं आणखीही आहे. किर्केनं निम्म्या तुकडीची डुकरं केली तेव्हा युरिलोकस पळू या म्हणाला, ओडिसियस एकटा परत गेला. माणसं पुन्हा माणसं होईपर्यंत त्यानं तिच्या घरचा घास तोंडात घातला नाही. एल्पेनॉर हा सगळ्यांत लहान, ना फार शूर ना फार शहाणा. दारूच्या नशेत छपरावरून पडून तो मेला. त्याच्या आत्म्यानं पाताळात एकच मागणं केलं, की मला जाळ आणि जिवंतपणी मी जे वल्हं मारायचो ते माझ्या मातीवर रोव. ओडिसियस त्यासाठी मागं फिरला आणि वल्हं रोवून आला.

आणि आठव्या सर्गातलं ते रडणं. गायक ट्रॉयच्या विध्वंसाचं, म्हणजे याच्याच पराक्रमाचं गाणं गातो आणि याला रडू फुटतं. कवी त्या रडण्याला उपमा देतो एका बाईची. गाव राखताना पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर पडून ती आक्रोश करतेय आणि मागून शत्रू भाल्यांनी तिच्या पाठीवर, खांद्यांवर ढोसत तिला गुलामीत ओढून नेताहेत. गाव लुटणारा माणूस लुटलेल्या गावातल्या बाईसारखा रडतो. कवीनं ही उपमा इथंच का आणली असेल, याचा विचार करत मी कितीदा पुस्तक मिटून ठेवलंय.

या सगळ्याची बेरीज करून सांगायचं तर, वीर म्हणून ओडिसियसला मिळालेलं स्थान मी नाकारणार नाही. पुढारी म्हणून मात्र मी त्याला दोषी धरते, आणि काव्य मला तसं धरू देतं. एकटा पडला की तो अजोड आहे. माणसं सोबत असली की त्यांचा जीव त्याच्या कुतूहलाच्या, नावाच्या आणि लपवाछपवीच्या मागं पडतो. घरी आल्यावरचा त्याचा हिशोबही तसाच. बायकोला मागणी घालत बसलेले 108 जण तो मारतो. त्यांत दया असलेला अ‍ॅम्फिनोमसही जातो, पाय धरणारा पुरोहित लेओडीसही. बारा दासींना आधी रक्त पुसायला लावून मग मारायला सांगतो. मुलगा टेलेमाकस त्यांना एका दोरावर ओळीनं फाशी देतो. जाळ्यात सापडलेल्या पाखरांसारखे त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही, असं कवी लिहितो. तो ‘फार वेळ नाही’ मला विसरता येत नाही.

त्या सभेत युपीथीसला उत्तर द्यायला दोघे उठतात. भालदार मेडॉन म्हणतो, देव त्याच्या बाजूला होता, मी पाहिलं. म्हातारा हॅलिथर्सीस म्हणतो, तुम्हीच तुमच्या पोरांना आवरलं नाही, त्यांच्या ‘अतस्थलिये’नं हे घडलं. काव्यात शेवटीही तोच शब्द. पण आरोप दोन होते, आणि हे उत्तर फक्त दुसऱ्याचं आहे. जहाजांबद्दल, त्यांतून नेलेल्यांबद्दल त्या सभेत कुणीच बोलत नाही. निम्म्याहून अधिक लोक आरडत उठतात आणि शस्त्रं घ्यायला धावतात. युपीथीस पुढं असतो. ओडिसियसचा म्हातारा बाप लेअर्टीस भाला फेकतो, तो त्याच्या शिरस्त्राणातून आरपार जातो.

तिकडं देवांचा राजा झ्यूस यानं अथीनाला आधीच सांगून ठेवलंय, की ओडिसियस राजा राहील आणि मुलांच्या, भावांच्या हत्येचा आपण लोकांना विसर पाडू. ही मुलं आणि भाऊ म्हणजे वाड्यात मारले गेलेले. ट्रॉयहून न परतलेल्यांचा उल्लेख त्या बोलण्यातही नाही. एल्पेनॉरचं वल्हं तेवढं किर्केच्या बेटावर, समुद्रकाठच्या उंचवट्यावर रोवलेलं आहे.